रेडिओला उत्तर देणारा माणूस

बहात्तरच्या दुष्काळात परतूरजवळच्या एका गावात मी गेलो होतो, रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमाबद्दल लोकांचं मत टेप करायला. ग्रामपंचायतीचा सरकारी रेडिओ कुलपात असे आणि किल्ली म्हाताऱ्या शिपायाच्या करदोट्याला. संध्याकाळी त्यानं रेडिओ लावला, टोपी नीट केली आणि समोर उभा राहिला.

"शेतकरी बंधूंनो, नमस्कार," रेडिओ म्हणाला.

"राम राम," शिपाई अदबीनं म्हणाला.

"कपाशीला वेळेवर पाणी द्या."

"प्यायला न्हाई, साहेब. हिरीत नुसता गाळ हाये. आठ दिस झाले, टँकर न्हाई."

मला हसू आलं. "अहो, त्याला ऐकू येत नाही."

"म्हाईत हाये की. आजवर आलेल्या कोन्या सायबाला ऐकू आलं? तरी बोलूनच राह्यलो ना आमी?"

हे सगळं मी टेप केलं. ऑफिसात साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, टँकर काप, गाळ काप, ते ऐकू येण्याचं तर आधी काप. मी इमानेइतबारे कात्री चालवली. शेवटी श्रोत्याचं मत म्हणून एवढंच प्रसारित झालं: "राम राम."

म्हाताऱ्यानं टोपी नीट करून त्यालाही उत्तर दिलं असणार.