डाटा गेला, दादा आला

चहाचा घोट तोंडात असेल तर आधी गिळून घ्या, मग सांगते. मागच्या खेपेला हे ऐकताना आमच्या शेजारणीच्या नाकातून चहा आला आणि दोष मलाच! आता दोष माझाच होता म्हणा. या प्रकरणात दुसऱ्या कुणावर ढकलता आला असता, तर मी स्वतःहून सांगत बसले असते का?

मी मोताळ्याला वधू-वर सूचक मंडळ चालवते. मंडळ म्हणजे मी, एक टेबल आणि एक लॅपटॉप. संपलं मंडळ! पण त्या लॅपटॉपात काय नव्हतं हो! चारशे मुलामुलींची माहिती. फोटो, पत्रिका, शेती किती, विहिरीला पाणी किती, मामाचं गाव कोणतं, मुलगा पितो की "कधीमधी" पितो. सात वर्षं दारोदार फिरून जमवलेलं.

एक दिवस लॅपटॉप तापायला लागला. इतका, की त्यावर पापड भाजावा. बुलढाण्याच्या ज्या दुकानातून घेतला तिथंच दुरुस्तीला टाकला. दुकानाचा मालक नितीनभाऊ, गोड बोलणारा माणूस. "परवा या ताई." परवा गेले. "सोमवारी या ताई." सोमवारी गेले, तर नितीनभाऊ सगळे खोके जमिनीवर ओतून मधोमध बसलेला.

"ताई, रागावू नका. तुमचा लॅपटॉप भेटून नाही राह्यला."

"भेटून नाही राह्यला म्हंजे?"

"म्हंजे... हरवला."

"अन् त्यातला डाटा?"

"तो त्यातच होता ना ताई."

घ्या! तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नांचा हंगाम तोंडावर. लोकांनी विश्वासानं लेकीबाळींचे फोटो दिलेले. त्यांना काय तोंड दाखवू? एसटीत खिडकीला डोकं टेकवून मी मोताळ्यापर्यंत रडले. कंडक्टरनं तिकिटाचे सुटे पैसेसुद्धा हळू आवाजात मागितले.

आमचे हे पंचायत समितीत कारकून. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भरपाई माग. पण लेखी माग. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जाते."

बरोबर होतं. सकाळी उठले आणि लेखी मागितली. पण कशी मागितली, ते ऐका. माझे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात. फोनमध्ये ती सोय असते ना, माइकचं चित्र दाबायचं, आपण बोलायचं, फोन लिहितो? कोपरानं ते दाबलं आणि सुरू झाले. आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर, कारण निम्मी स्थळं त्यांचीच:

"दुकानदाराच्या हलगर्जीपणामुळे आपला डाटा गेला. काहीच उरलं नाही. भरपाई घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही."

मग नितीनभाऊला लांबलचक अर्ज. भाकरी थापता थापता अर्ज सांगितला आणि कोपरानंच पाठवला. वाचून पाहिला का? वाचायचा कशाला, मीच तर बोलले होते!

आता फोननं काय केलं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. मला मात्र ते दुपारी कळलं. जिथं जिथं मी "डाटा" म्हटलं, तिथं तिथं त्यानं लिहिलं "दादा".

आणि दादा म्हणजे कोण? माझा सख्खा मोठा भाऊ. संग्रामपूरकडे वांगी-मिरचीची शेती करतो. धडधाकट माणूस. एका बैठकीत सहा भाकरी खातो आणि सातवीला "आता राहू दे" म्हणत ताट पुढे करतो.

पहिला फोन रोहिणखेडच्या सरूआत्याचा आला. स्वतःला वाचता येत नाही. कुणीतरी वाचून दाखवलं असणार. आवाज कापत होता.

"शोभे, काय ऐकून राह्यली वं मी? कसा गेला?"

"काय सांगू आत्या! दुकानात ठेवला होता. तिथूनच गेला."

"दुकानात?"

"हाव ना! चांगले आठ दिवस होता तिथं. काल गेली पाह्यले, तं दुकानदार म्हन्ते, कुठी ठेवला ते आठवत नाही!"

"अवं माय वं! आठ दिवस! अन् तू एकदाबी गेली नाही?"

"गेल्ती ना, दोनदा गेल्ती. परवा या म्हने, सोमवारी या म्हने."

"बिमार होता काय वं?"

"तापत होता आत्या. हात लावला तं चटका बसे. मधातच बंद पडे. मंग दोन थापडा मारल्या की चालू होये."

पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले. मला वाटलं, किती जीव या बाईचा माझ्या धंद्यावर! मी धीर दिला, "रडू नको आत्या. दुकानदाराकडून नवीन घेईन मी."

"नवीन?" आत्या किंचाळली आणि फोन कट.

मग फोनवर फोन. सगळे कसे हळवे झालेले! मामेभावानं अंत्यविधीचं विचारलं, "शोभाताई, मातीले किती वाजता येऊ?" मला ऐकू आलं "मोताळ्याले". मी म्हटलं, "कधीबी ये रे, मी दिवसभर घरीच हाय." खरं सांगते, मला भरून आलं. डाट्यासाठी एवढी माणसं हळहळतात? उगाच म्हणत होते लोक, या धंद्याला किंमत नाही म्हणून!

दुपारी बाराला दारात काळीपिवळी जीप थांबली. त्यातून आत्या आणि आठ बाया उतरल्या. आत्यानं फाटकापासूनच हंबरडा फोडला. मागून मामेभाऊ, त्याच्या मागून भावकी. बघता बघता अंगणात तीस-पस्तीस माणसं. पुरुष भिंतीकडेला उकिडवे बसले, बाया मला घेरून. आमचे हे तांब्या घेऊन पाणी देत फिरत होते आणि डोळ्यांनी मला विचारत होते, हे काय आहे?

"आत्या, रडू नको वं," मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुह्या नातीचा फोटो मी परत मागून घेईन."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझंच डोकं फिरलं. शेजारच्या बाईला म्हणाली, "धक्का बसला पोरीले. इले रडवा वं कोणी!"

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. दादा आणि वहिनी!

झालं असं होतं, की भावकीतल्या एकानं दादाच्या शेजाऱ्याला फोन केला होता. तिकडे नेटवर्क असं की निम्मं वाक्य सातपुड्यातच अडकतं. शेजाऱ्याला एवढंच ऐकू आलं, "शोभाच्या घरी मयत." दादा वांगी तोडायची सोडून निघाला. धुळीसाठी त्यानं गमछा आणि वहिनीनं पदर तोंडाला गुंडाळलेला, त्यामुळे दोघांनाही कुणी ओळखलं नाही. आत येऊन पाहतो तर अंगण भरलेलं. बिचारा गुपचूप पुरुषांत जाऊन बसला आणि शेजारच्याला हळूच विचारलं,

"कोण गेलं हो?"

"शोभाताईचा दादा."

"कोणता दादा?"

"एकच तं भाऊ हाय तिले. संग्रामपूरचा."

दादानं गमछा काढला. "बाप्पा! मंग मी कोण हाय बे?"

शेजारचा माणूस जो उठला, तो थेट फाटकाबाहेर! बाया किंचाळल्या. आत्यानं डोळे पांढरे केले आणि माझ्याच मांडीवर पडली. तिला पाणी मारून उठवलं, तर समोर दादाच वाकून पाहत होता. परत पडली.

या गोंधळात नितीनभाऊ आला. सोबत त्याचे म्हातारे वडील. नितीनभाऊच्या एका हातात नव्या लॅपटॉपचा खोका, दुसऱ्या हातात हार, आणि चेहरा असा पांढरा की चुना बरा. एवढी गर्दी पाहून तो थेट दादाच्याच पाया पडला.

"काका, तुम्ही घरातले मोठे दिसता. तुम्हीच ताईले समजवा. आईची शपथ, दादाले मी कधी पाह्यलंबी नाही. ते माह्या दुकानात आलेच नाहीत!"

"खरं हाय त्याचं," दादा सगळ्यांकडे पाहत म्हणाला. "मी याच्या दुकानात कधीच गेलो नाही."

नितीनभाऊनं खिशातून कागद काढला. माझा अर्ज! त्यानं तो छापून आणला होता. वहिनी दहावी पास, तिनं कागद घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागली.

"महोदय, मी माझा दादा विश्वासानं तुमच्या दुकानात ठेवला होता. तुमच्या माणसानं तो कुठं टाकला याचा पत्ता नाही. दादाची दुसरी कॉपी करून ठेवली नाही, ही माझी चूक..."

अंगणातल्या सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. आणि इथं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डाटा. दादा. अगं बाई!

"वहिनी, बस! पुढचं नको वाचू!" मी धावले. पण वहिनी थांबणारी बाई नव्हे. ती कागद उंच धरून वाचतच राहिली.

"दादामध्ये दोनशे दहा मुलींचे फोटो, पत्ते आणि मोबाईल नंबर होते..."

वहिनीनं कागदावरून नजर उचलली आणि दादाकडे पाहिलं. दादानं गमछा परत तोंडाला गुंडाळला.

"अवं, डाटा वं, डाटा!" मी ओरडले. "लॅपटॉपातला डाटा! फोननं दादा लिहिला!"

आधी सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. मग मामेभाऊ खो-खो हसत सुटला. त्याच्या पाठोपाठ सगळं अंगण. आमचे हे तांब्या घेऊनच खाली बसले. नितीनभाऊचे वडील तर छातीवर हात ठेवून हसत हसत रडत होते, "जेल वाचली रे पोरा!" आत्या तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "माहं रडणं फुकट गेलं. गाडीभाडं कोण देईन?"

वाटलं, सुटले. पण वहिनीच्या हातातला कागद अजून संपला नव्हता.

"थांबा, खाली मागणी लिहेल हाय," ती म्हणाली. "लॅपटॉपचे चाळीस हजार रुपये. दादाचे पंधरा हजार. दादा जुना असल्यामुळे मी जास्त मागत नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याची पतंग फाडली होती, तेव्हा असंच पाहिलं होतं.

"शोभे, लॅपटॉपचे चाळीस अन् माहे पंधरा?"

"दादा, ते डाट्याचे रे!"

"ते समजलं मले. पण जुना असल्यामुळे?"

मी घाईघाईत पेन घेऊन पंधरापुढे एक शून्य वाढवायला गेले, तर नितीनभाऊनं झेप घेऊन कागद हिसकावला. "ताई, तेवढं नका करू, दुकान विकावं लागन मले!"

वहिनी शांतपणे म्हणाली, "पंधरा देत असतीन तं घेऊन टाका. कोणी एवढेबी देणार नाही."

संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पस्तीस माणसांचं पिठलं-भाकरी झालं. रडायला आलेली माणसं जेवूनच गेली. दादानं सहा भाकरी खाल्ल्या. डाट्याचे पंधरा हजार मागायचं तोंड मला उरलं नव्हतं. नितीनभाऊचा नवा लॅपटॉप तेवढा ठेवून घेतला, ग्रुपवर हातानं लिहून माफी मागितली आणि पहिल्यापासून माहिती भरायला बसले. ग्रुप कोण वाचतं म्हणा! लोक वाईट बातमी पुढे पाठवतात, दुरुस्ती कुणी पाठवत नाही.

दोन आठवड्यांनी साखरखेर्ड्याचे एक गृहस्थ दारात उभे. काखेत माझा जुना लॅपटॉप, हातात पेढ्यांचा पुडा! दुकानातल्या माणसानं चुकून त्यांच्या बॅगेत माझा लॅपटॉप घालून दिला होता.

"ताई, माफ करा," ते म्हणाले. "आमचाच समजून उघडला, तर आत स्थळंच स्थळं. पोरासाठी तीन वर्षं मुलगी बघत होतो. तुमच्यातली एक पसंत पडली. तिच्या वडिलांना थेट फोन लावला. परवा साखरपुडा झाला."

मी दाराची चौकट धरली. सात वर्षांत इतक्या झटपट माझ्या हातून एकही लग्न जुळलं नव्हतं!

"अहो, पण मला एका शब्दानं कळवायचं ना! लॅपटॉप तरी लगेच आणून द्यायचा!"

गृहस्थांनी आवाज अगदी खाली आणला.

"त्याच दिवशी निघालो होतो ताई. पण मुलीचे वडील म्हणाले, ताईंचा भाऊ गेला, घरी सुतक आहे. म्हटलं, तेरा दिवस होऊ द्यावेत. अशा दुःखात लग्नाचं कसं बोलावं?"