नाल्यापलीकडच्या बकऱ्या

माझं काम लोकांना लवकर पटत नाही. एखादी संस्था गावात काही वाटते, त्यानं खरंच कुणाचं भलं झालं का, हे आम्ही बघतो. आम्ही त्या संस्थेचे नाही. "म्हणजे तुमी काहीच देत नाही? मंग येता काहून?" असं कुणी म्हटलं की माझा पारा चढतो. पण खोटं काय आहे त्यात!

कामरगावच्या बाजूला एका संस्थेनं नाल्याच्या एका काठच्या वस्तीत बकऱ्या दिल्या होत्या. दुसऱ्या काठच्या वस्तीला नव्हत्या. दोन्हीकडच्या घरांत फरक दिसला, तरच या दुसऱ्या वस्तीलाही मिळणार होत्या. उत्तरं बदलू नयेत म्हणून हे त्यांना सांगायची मात्र आम्हाला बंदी.

बकऱ्या नसलेल्या वस्तीत एक मावशी होती. तिला बकऱ्यांचा भारी सोस. एक दिवस माहिती लिहून घ्यायला तिच्याकडे गेले तर अंगण सारवलेलं, आणि खुंट्याला दोन धष्टपुष्ट बकऱ्या!

"कोणाच्या?"

"आमच्याच. मंग?" म्हणत ती चहा ठेवायला गेली.

माझं डोकंच फिरलं. घरचे सांगतील ते लिहायचं, हा नियम. तसं लिहिलं तर दोन्ही वस्त्या सारख्याच ठरणार, आणि हिच्या दारी बकरी कधीच येणार नाही. मी पेन बाजूला ठेवून चहा प्यायले.

तेवढ्यात नाल्यापलीकडून पिल्लं ओरडली. बकऱ्यांनी हिसका देऊन खुंटाच उपटला आणि तो फरफटत नाल्यात उतरल्या.

"अवं थांबा वं! इज्जत घालवता का मायी?" मावशी मागं धावली. मग परत येऊन ओट्यावर बसली आणि हसतच सुटली. "पल्याडून मागून आणल्या होत्या वं बाई. पिल्लं तिकडंच राह्यले. दारी पाहुणा येते अन् खुंटा रिकामा, बरं दिसते का?"

"लई बरं दिसते!"

"येडी झाली का वं? लिही मंग, एक बी नाही."

मी आनंदानं लिहिलं.

अहवालात फरक उठून दिसला, आणि या वस्तीलाही बकऱ्या मिळाल्या. यंदा त्याच वस्तीत दुसऱ्या कामाला गेले होते. मावशीच्या अंगणात संध्याकाळी एक बकरी मोकळीच रवंथ करत बसलेली. माझी नजर सारखी नाल्याकडे.

"काय पाहून राह्यली?" मावशी म्हणाली. "हिले बांधा लागत नाही आता. पिल्लं इथंच हायेत."