सातवा रकाना

आमच्या आरोग्यविज्ञान कॉलेजात पीएच.डी. करणारे लोक मला मुदतकाका म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण संशोधन विभागाबाहेरचा बोळ अरुंद आहे आणि माझे कान अजून शाबूत आहेत. कोणाची नोंदणी कधी झाली, कोणाचा सहामाही अहवाल कधी यायला हवा, कोणाच्या हातात किती दिवस उरले, हे सगळं मला तोंडपाठ असतं. मुदत टळली की मी फोन करतो. दुसऱ्या फोनला माझा आवाज चढतो आणि तिसऱ्याची वेळ सहसा येत नाही. एकवीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही फाईल अडकलेली नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. आता ऐकवत नाही. का, ते सांगायचं तर सिस्टरबद्दल सांगावं लागेल.

सिस्टर पहिल्यांदा आल्या त्या सकाळची ड्यूटी संपवून. पांढऱ्या बुटावर औषधाचा तपकिरी डाग तसाच होता. वय शेचाळीस, त्यातली बावीस वर्षं वॉर्डात गेलेली. या वयात पीएच.डी. कशाला, असं मी विचारलं नाही, पण माझा चेहरा फार बोलतो.

"काका, तोंड असं करू नका," त्या म्हणाल्या. "माझी हौस नाही ही. सासूबाईंचा हट्ट आहे. त्यांना घरात डॉक्टर हवी."

"अहो, पण ही डॉक्टरकी औषध द्यायची नसते."

"सांगून बघितलं. त्या म्हणतात, आधी हो तर खरी, मग काय द्यायचं ते मी ठरवीन."

माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान बाईने मला काका म्हणावं याचा मला आधी राग आला होता. तो याच वाक्यावर गेला.

त्यांचा विषय साधा होता आणि मला कळण्यासारखा होता, हे दोन्ही आमच्याकडे क्वचित घडतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाच स्थितीत पडून पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. घरच्यांना दर दोन तासांनी कूस बदलायला नीट शिकवलं, तर त्या जखमा किती टळतात, हे सिस्टरना पाहायचं होतं. चाळीस घरं निवडायची, प्रत्येक घरी वर्षभर जात राहायचं, शिकवायचं, तपासायचं, मोजायचं. त्यांच्या कापडी पिशवीत एक टॉर्च, हातआरसा, कागदी मोजपट्टी आणि वही असे. कोणाच्या पाठीवर किती मोठा लाल चट्टा आहे हे त्या इतक्या हळुवारपणे सांगायच्या, जणू ते माणूस समोरच पडलं आहे आणि ऐकतं आहे.

विषय घरातूनच सुचलेला होता. सासूबाईंची उजवी बाजू तीन वर्षांपूर्वी लुळी पडली होती. जीभ मात्र शाबूत राहिली होती, आणि सिस्टरच्या म्हणण्याप्रमाणे आधीपेक्षा तिखट झाली होती. तीन वर्षांत त्या पाठीवर सिस्टरनी एक ठिपका उठू दिला नव्हता. नवरा रक्तपेढीची गाडी चालवायचा, त्याच्या वेळा वेड्यावाकड्या. दिवसा एक मदतनीस बाई यायची, बाकी सगळं सिस्टरच. आपलं घर अभ्यासात धरता येत नाही, हा नियम मीच त्यांना वाचून दाखवला. त्या हसल्या होत्या. "बरं झालं. सासूबाईंनी पैकीच्या पैकी मार्क मागितले असते."

नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद देतो. त्यावर सहा चौकटी असतात: नोंदणी, आराखड्याची मंजुरी, नैतिकता समितीची परवानगी, माहितीसंकलन, प्रबंध सादर करणे, तोंडी परीक्षा. बहुतेकांचा तो कागद महिन्याभरात हरवतो. सिस्टरनी तो घरी पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवला होता. हे मला कळलं ते नैतिकता समितीचं पत्र आलं तेव्हा. त्यांचं घर माझ्या वाटेवर होतं, म्हणून मीच पत्र घेऊन गेलो.

दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून पलंग. सासूबाई पूर्वी शिवणकाम करायच्या, त्यांचं मशीन पायाशी झाकून ठेवलेलं. घरात औषधाचा वास नव्हता, धुतलेल्या चादरींचा होता. मी पत्र पुढे केलं, तशी म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं.

"तुम्हीच का ते मुदतवाले?"

"मीच."

"मग वहीत जरा माझीपण मुदत बघा."

"आजी, तुमची नोंद माझ्याकडे नाही."

"मग ठीक आहे. घाई नाही म्हणायची."

सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडल्या, "सासूबाई, ते पाहुणे आहेत!" त्यावर म्हातारी म्हणाली, "पाहुणे आहेत म्हणून तर हळू बोलले." उशाखालून तिने कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल काढली आणि तिसऱ्या चौकटीत डाव्या हाताने बरोबरची खूण केली. वाकडीतिकडी, चौकटीबाहेर गेलेली. आधीच्या दोन्हीही तशाच होत्या. मग ती माझ्याकडे वळली, आणि या वेळी थट्टा नव्हती.

"उरलेल्या तीन माझ्यासमोर होतील ना?"

"होतील की," मी म्हणालो. "मी बसलोय ना तिथे."

मोठ्या तोऱ्यात म्हणालो. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

आता सातव्या रकान्याबद्दल. आमच्या सहामाही अहवालात अकरा रकाने आहेत. काय ठरलं होतं, काय झालं, किती राहिलं वगैरे. सातवा रकाना 'संशोधनात आलेल्या अडचणी' असा आहे. त्यात कोणी चार ओळी लिहिल्या की अहवाल तपासणारी संशोधन समिती थबकते, प्रश्न विचारते, खुलासा मागवते, आणि फाईल पुढच्या बैठकीपर्यंत माझ्या टेबलावर ठाण मांडून बसते. म्हणून नवीन माणूस आला की मी एक कानमंत्र देत असे: सातव्यात 'नाही' लिहायचं. सगळे लिहायचे. एकाचा घटस्फोट चालू होता, एकीला कावीळ झाली होती, एकाचा गाईड वर्षभर परदेशात होता. सातव्या रकान्यात सगळीकडे 'नाही'. सगळ्यांची प्रगती समाधानकारक.

सिस्टरचे पहिले तीन अहवाल तसेच गेले. चौथा त्यांनी आणून दिला तेव्हा मी सवयीप्रमाणे वरून खाली नजर फिरवली आणि सातव्यावर अडलो. तिथे लिहिलं होतं: 'घरी सासूबाईंची प्रकृती खालावली आहे. मदतनीस बाई काम सोडून गेली. बाहेरगावच्या नऊ घरांतली वर्षअखेरची मोजणी पुढच्या महिन्यात ठरलेल्या दिवसांतच व्हायला हवी, त्यासाठी दहा दिवस तिकडे राहावं लागेल. मोजणीसाठी दुसऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची मदत घेण्याची परवानगी मिळावी.'

अशी परवानगी देता येते. नियमपुस्तिकेत आहे. कोणत्या पानावर, तेही मला ठाऊक होतं.

"सिस्टर, हे काय लिहून बसलात?" मी म्हणालो. "समितीला नुसता सुगावा लागू दे, महिनाभर चघळत बसतील. ही बैठक गेली की पुढची तीन महिन्यांनी. मग तुमच्या मोजणीचे दिवस गेलेच म्हणून समजा."

"पण काका, घरी कोणी नाहीये हो."

"दहाच दिवस ना? निभतं. मिस्टर आहेत, शेजारी आहेत. इतकी वर्षं सांभाळलंत." मी कपाटातून अहवालाचा कोरा अर्ज काढून त्यांच्यासमोर ठेवला. "लिहा 'नाही' आणि मोकळ्या व्हा. सासूबाईंना चौथी खूण करायचीय ना?"

शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोललो. ते बरोबर लागलं. त्यांनी सगळा अर्ज पुन्हा उतरवून काढला आणि सातव्यात 'नाही' लिहिलं. समितीने तो अहवाल चार मिनिटांत मंजूर केला. चार मिनिटं, मी घड्याळ पाहिलं होतं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

पुढचं मला सिस्टरनीच नंतर सांगितलं, तुकड्यातुकड्याने.

त्या दहा दिवस बाहेरगावी राहिल्या. रोज एक घर, एक दिवस जाण्यायेण्यात. टॉर्च मारायची, आरसा धरायचा, मोजपट्टी लावायची. रोज दुपारी आणि संध्याकाळी घरी सासूबाईंना फोन.

"कूस बदलतात ना?"

"बदलतात गं."

"पाठीला काही होतंय?"

"काही नाही. तू तुझं काम उरकून ये."

शेजारच्या काकू दिवसातून दोनदा डोकावायच्या. त्यांचेच गुडघे गेलेले, त्यांच्याने एकटीने वळवणं होत नसे. नवरा ड्यूटीवरून आला की आईला जेवू घालायचा, तोंड-हातपाय पुसायचा. पाठ पुसायला गेला की ती हात झटकायची. मुलाने आपलं उघडं अंग बघावं हे तिला मरणप्राय वाटायचं. "तिने येता येता पुसलंय," असं ती काकूंचं नाव घेऊन सांगायची, आणि काकूंना मुलाचं नाव सांगायची. दोघांचाही विश्वास बसला. सुनेच्या कामात खोडा नको म्हणून ती बाई दहा दिवस उताणीच पडून राहिली आणि फोनवर 'काही नाही' म्हणत राहिली.

सिस्टर परतल्या, पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि आधी त्यांना वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती, मध्ये काळी पडलेली.

"मी मोजपट्टी काढली, काका," त्या मला म्हणाल्या. "विचारसुद्धा केला नाही. सवयीने पिशवीतून मोजपट्टी काढली आणि लावली. सात बाय सहा. चाळीस घरांत एवढी मोठी जखम एकही नव्हती."

जंतुसंसर्ग रक्तात गेला. वॉर्डात, त्यांच्याच वॉर्डात, सदतीस दिवस काढून सासूबाई गेल्या.

माहितीसंकलनाचा टप्पा त्या दहा दिवसांतच पूर्ण झाला होता. कागद भिंतीवर होता, पेन्सिल उशाखाली होती. पण 'खूण करा' असं त्यांना सांगायचं तोंड सिस्टरना राहिलं नव्हतं आणि म्हातारीनेही आपणहून विषय काढला नाही.

मी भेटायला गेलो तेव्हा पलंगावर गादी नव्हती. सिस्टर म्हणाल्या, नोंदणी रद्द करायचा अर्ज द्या. अर्ज माझ्या पिशवीत नव्हता आणि असता तरी मी दिला नसता. त्यांचा नवरा खिडकीपाशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "आता सोडलंस तर आई कशासाठी पडून राहिली?" माझ्यासमोर बोलायला नको होतं खरं तर. पण बोलला, आणि त्या उठून आत गेल्या. दोन महिन्यांनी प्रबंधाचं पहिलं प्रकरण गाईडकडे गेलं.

प्रबंध वेळेत आला. पुढच्या दोन्ही सहामाही अहवालांत सातवा रकाना त्यांनी कोरा ठेवला होता आणि मी ते तसेच पुढे पाठवले. तोंडी परीक्षेच्या दिवशी मी हजेरीचा कागद घेऊन दाराशी बसलो होतो. निष्कर्ष चोख होते. शिकवल्यावर त्या घरांत जखमा निम्म्याहून कमी झाल्या होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, या अभ्यासाची मर्यादा काय? सगळे म्हणतात नमुना लहान, कालावधी कमी. सिस्टर म्हणाल्या, "घरातल्या माणसांना शिकवून भागत नाही. त्या वेळी घरात माणूस असावं लागतं." परीक्षकांना उत्तर आवडलं. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. अंतिम फाईलला सगळे अहवाल क्रमाने जोडून त्यांची सही लागते. त्या एकेक पान उलटत सही करत गेल्या. चौथ्या अहवालावर हात थांबला. मी खणातून त्याच अहवालाचा, त्यांनी आधी अडचण लिहून आणलेला अर्ज काढला. दोन वर्षं तो मला फाडवला नव्हता.

"सिस्टर, चूक माझी होती," मी म्हणालो. आणि अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी अर्ज वाचला, परत दिला आणि 'नाही' लिहिलेल्या पानावर सही केली. मग पिशवीतून चारही कोपरे फाटलेला एक कागद काढला. सहा चौकटी, तीन निळ्या खुणा.

"हा घरी बघवत नाही आणि टाकवत नाही. तुम्हाला कागद सांभाळायची सवय आहे. ठेवा."

तो विश्वास होता की शिक्षा, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारायची हिंमतही नाही. त्या आता परिचारिकांना शिकवतात, बोळात भेटल्या की थांबतात, माझ्या ब्लडप्रेशरची चौकशी करतात.

कागद माझ्या टेबलावर काचेखाली आहे. अर्ज भरायला येणारा प्रत्येक जण आता माझ्यासमोर बसून आधी सातवा रकाना भरतो. फाईली अडकतात, समिती कुरकुरते, वरून मला विचारणा होते. येणाऱ्यांपैकी कोणाचं तरी लक्ष काचेखाली जातं आणि तो विचारतो, काका, पुढच्या तीन खुणा का नाहीत?

खुणा करणाऱ्या बाई गेल्या, मी सांगतो. अडचण लिहून आणली होती सुनेने. मी काढायला लावली.