अंग लुळं, मेंदू जागा

फोन आला तेव्हा मी जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात होतो. अक्का अंगणात कोसळली होती. नांदेडच्या दवाखान्यात पोचलो, तर तिच्या तोंडात नळी होती आणि नातेवाईक खाटेभोवती उभे राहून अंत्यविधी कुठं करायचा ते ठरवत होते... ती जिवंत असताना! मी सगळ्यांना बाहेर काढलं. त्यावरून दोन चुलते अजून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलोत.

माझी ही थोरली बहीण औषधांचा सशाच्या मेंदूवर काय परिणाम होतो याचं संशोधन करायची. आमच्या गावात, कळमनुरीत, ती ‘सशाची डॉक्टरीण’. सुट्टीत घरी आली की कुणीतरी आजारी शेळी दारात आणून बांधायचंच. ‘‘मला शेळीतलं काई कळत न्हाई हो,’’ म्हणत ती त्यांना चहा पाजून पाठवायची.

एकदा तिला न्यायला मी प्रयोगशाळेत गेलो होतो. टेबलावर ससा निपचित पडलेला. त्याला गुंगीचं औषध दिलं होतं, आणि अंग हलू नये म्हणून आणखी एक. तिचे मार्गदर्शक म्हणाले, ‘‘झोपलाय, करा सुरू.’’ अक्कानं पंजाला चिमटा घेतला. ससा हलला नाही, पण पडद्यावरची मेंदूची रेघ एकदम बदलली. ‘‘सर, अंग लुळं पडलंय, मेंदू जागा आहे,’’ ती म्हणाली. सर भडकले. तिची पीएच.डी. त्यांच्याच हातात होती. तिनं गुंगी वाढवली आणि रेघ संथ होईपर्यंत कुणाला सशाला हात लावू दिला नाही. बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘‘एका सशापायी काहून भांडून राहिली?’’

‘‘त्याला वरडता येत न्हाई म्हणून.’’

नांदेडला अक्काच तशी पडली होती. मशीनच्या श्वासाशी झगडू नये म्हणून तिलाही अंग लुळं पाडणारं औषध चालू होतं. नर्स नळी साफ करायची तेव्हा नाडीचा आकडा उसळायचा, डोळ्याच्या कडेला पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, ‘‘काका, त्यांना काही जाणवत नाही.’’

‘‘साहेब, तिची गुंगी कमी पडून राहिली. एकदा वाढवून बघा, हात जोडतो.’’

त्यांनी पुन्हा नळी साफ करवली, आकडा स्वतः पाहिला आणि औषध वाढवलं. पुढच्या वेळी आकडा जागचा हलला नाही. मी तिथंच फरशीवर बसून रडलो.

दुसऱ्या दिवशी अक्का गेली. परवा मायनं विचारलं, ‘‘लई तकलीफ झाली का रे तिला?’’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘‘व्हय माय. आधी झाली. मंग न्हाई.’’

‘‘तुला कुनी सांगितलं?’’

‘‘अक्कानंच.’’