डी ड्राइव्हमधले मिस्त्रीकाकांचे आकडे

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर मशिनचे प्रोग्रॅम करायचं काम माझं. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा मी ते सी ड्राइव्हवर न टाकता डीवर टाकलं. डिस्क एकच, पण तिचे दोन भाग. सीमध्ये विंडोज, आणि डी जवळजवळ रिकामा. शेठ मागे उभे राहून बघत होते.

"मॅडम, सगळं जग सीमध्ये टाकतं. तिथं काय काटे आहेत?"

आधीच्या नोकरीत एका फॉरमॅटमध्ये माझी वर्षभराची ड्रॉइंग गेली होती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण एवढं समजावत बसायचा माझा स्वभाव नाही. "माझी सवय आहे," म्हटलं आणि पुढचं बटण दाबलं.

कोणतं ड्रिल कुठल्या धातूत किती वेगानं चालवायचं, याची यादी ठेवायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. यादी त्याच्याच फोल्डरमध्ये राहायची. पुस्तकातले वेग आमच्या जुन्या मशिनला सोसत नसत. त्याला काय सोसतं ते फक्त ते चालवणाऱ्या मिस्त्रीकाकांना कळायचं, आणि काका दिवाळीला काम सोडून दिंडोरीकडे गावी जाणार होते. म्हणून मी त्यांच्या शेजारी उभी राहायला लागले. ते डोळे मिटून मशिनचा आवाज ऐकायचे, वेगाचं बटण जरा मागं घ्यायचे आणि म्हणायचे, "आता बरं बोलतंय. लिव्ह."

चार महिने हेच चाललं. आकडा तेलकट चिटोऱ्यावर लिहायचा, कॉम्प्युटरमध्ये भरायचा, चिटोरा टाकून द्यायचा. दुसरी प्रत ठेवायची अक्कल मला तेव्हा नव्हती, हे कबूल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळं वर्कशॉप धुऊनपुसून लख्ख करतात. मी नेमकी रजेवर होते. सगळी मशिनं साफ होतायत तर कॉम्प्युटरच का मळका ठेवायचा, म्हणून शेठनी हौसेनं कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्यानं सी फॉरमॅट करून नवं विंडोज टाकलं. सकाळी मी पूजेला आले तर मॉनिटरला झेंडूची माळ, आणि स्क्रीनवर माझं काहीच नाही.

"एकदम स्वच्छ करून घेतला," शेठ म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो शेठ, काकांचे आकडे होते त्यात!"

काका फुलांचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी ताट तेवढं खाली ठेवलं.

मी डी उघडला. फोल्डर जागच्या जागी होतं. पण सॉफ्टवेअर सुरू होईना, कारण नव्या विंडोजला त्याची ओळखच नव्हती. "गेलं वाटतं," शेठ पुटपुटले. "थांबा हो जरा!" मी खेकसले. यादीची फाइल आधी बाजूला कॉपी केली, सॉफ्टवेअर पुन्हा डीमध्येच टाकलं, फाइल जागेवर ठेवली. उघडलं, तर एकूण एक आकडा हजर. मला माझाच भयंकर अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. "हे असे काटे असतात सीमध्ये," शेठना ऐकवलंच. ते हसले, पण कान पकडून.

काकांचं मात्र समाधान झालं नव्हतं. स्क्रीनवरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नसे. दसऱ्यानंतर मशीन सुरू झालं तेव्हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक तुकडा त्यांनी स्वतः मशिनवर बांधला. यादीतला वेग मी प्रोग्रॅममध्ये घातला आणि म्हटलं, "काका, आज बटणाला हात लावायचा नाही." ते हात मागे बांधून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. ड्रिल खाली उतरलं. भोक पूर्ण होऊन ड्रिल वर आलं तरी त्यांचे हात मागेच होते.

"मीच चालवतोय असं वाटलं, ताई," ते म्हणाले. "लय वर्षं या मशिनला मी कुणाला हात लावू दिला नाय. आता मी गेलो तरी चालंल."