जिभेवरचा देव

धुलाईघरात तिला सगळे देवाबाई म्हणायचे. भक्तीमुळे म्हणायचे असं कुणाला वाटेल, तर तसं मुळीच नाही. ती कधी हात जोडून बसलेली कुणी पाहिली नव्हती. नाव पडलं ते जिभेमुळे. बादली लवंडली, अरे देवा. बस चुकली, देवा रे. साबणाचं पोतं फाटलं, देवा देवा देवा. बरं, चांगलं झालं तरी सुटका नाही. "देवा! आज चहात साखर आहे!" मुकादम म्हणायचे, "बाई, तो वर कंटाळला असेल हो. आपल्याला कुणी अशा सारख्या हाका मारल्या तर आपणही कानात बोळे घालू." त्यावर ती म्हणायची, "अरे देवा, खरंच की!"

हे धुलाईघर एका मोठ्या दवाखान्याच्या मागे, पत्र्याच्या लांबलचक छपराखाली होतं. दवाखान्याच्या सगळ्या चादरी तिथे यायच्या, धुऊन पिळून निघायच्या आणि शेवटी मोठ्या रोलरखालून जायच्या. रोलर म्हणजे आडवं लोखंडी नळकांडं, दोन खाटांएवढं लांब, आत वाफ. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, तिची कड रोलरच्या तोंडाशी न्यायची, रोलरने ओढली की दोघींनी एकदम हात सोडायचे. एकीने उशीर केला तर चादर तिरकी जायची. जास्तच उशीर केला तर चादरीमागून बोटं जायची.

म्हणून तोंडाशी एक पट्टी होती. बोटं तिला लागली की यंत्र थांबायचं. पण जाड शिवण लागली तरी थांबायचं, आणि दिवसाला आठशे चादरींत जाड शिवणी थोड्याथोडक्या नसतात. तेव्हा कुणीतरी, कधीतरी, जुन्या चादरीची चिंधी फाडून ती पट्टी वर बांधून ठेवली होती. मुकादमांना दिसत होतं, बायकांना दिसत होतं, वर्षातून एकदा तपासायला येणाऱ्या साहेबांनाही दिसत असावं. चिंधीची गाठ हात लागून लागून काळी पडली होती. उरला होता तो यंत्र बंद करायचा लाल दांडा, आणि तो देवाबाईच्या बाजूला होता.

समोरच्या टोकाला तिची धाकटी नणंद. नणंद-भावजयीचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघी अकरा वर्षं एका चादरीची दोन टोकं धरून उभ्या होत्या आणि एकदाही चादर तिरकी गेली नव्हती. याचं गुपितही ती जीभच होती. चादर उचलताना देवाबाईच्या तोंडून "दे" निघायचं आणि "वा" म्हणताना दोघींचे हात सुटायचे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आठशे चादरी, आठशे देवा. धाकटी तर रोलरकडे बघायचीच नाही; ती खिडकीतून दवाखान्याच्या आवारातली माणसं बघत, त्यांच्या नकला करत काम करायची. काही बिनसलं की देवाबाईचा "देवा" तुटक आणि चढा यायचा, तिचा हात आपोआप लाल दांड्यावर जायचा आणि धाकटी न बघता मागे सरकायची. असं वर्षातून तीन-चारदा तरी व्हायचं. मग दोघी हसायच्या आणि पुढची चादर घ्यायच्या.

देवाबाईचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सोन्यासारखा आणि तोंडाला विश्रांती नाही. घरी असला की शीळ, शीळ थांबली की गप्पा, गप्पा थांबल्या की शेजाऱ्यांच्या भानगडींवर भाष्य. त्या रविवारी सकाळी ती कणीक मळत होती आणि तो आरशासमोर दाढी करता करता तिच्या माहेरच्यांची थट्टा करत होता. ती हसतच म्हणाली, "अरे देवा, या माणसाला एकदाचं गप्प कर रे!"

साबणाची वाटी खाली पडल्याचा आवाज आला. ती वळली तेव्हा तो भिंतीला टेकून खाली सरकत होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे तिच्याकडे लागलेले, आणि अर्ध्याच गालावरचा साबण काढलेला. त्या क्षणापासून त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. उजवा हात खांद्यापासून मेला.

डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्ताच्या गाठीचं चित्र काढून दाखवलं. तिने मान हलवली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं तीच दुसऱ्या कुणाला म्हणाली असती. पण बोलणारी स्वतः असली की कावळा आपलाच वाटतो.

हे तिने कुणाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. तिने सांगितलं थोरल्या भाऊजींना. भाऊजी म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, शाळेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून धर्माच्या पुस्तकांत बुडालेले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. भावाची खाट त्यांनीच आणली, रोज संध्याकाळी त्याचे पायही तेच चोळायचे. पण वर्गात ज्याचं आयुष्य गेलं त्याला चूक सापडली की खोडायचा मोह आवरत नाही.

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, ते नाव रस्त्यावर पडलंय? ठेच लागली की घ्यायचं, दूध उतू गेलं की घ्यायचं? तुम्ही दिवसातून हजारदा ज्याच्या दारावर थापा मारता, तो एक दिवस दार उघडणारच. उघडल्यावर तुमच्या तोंडात त्या वेळी जे असेल, ते तो देणार."

"मग आता काय करू, भाऊजी?"

"तोंड आवरा. तो बरा होईपर्यंत ते नाव उगाच उच्चारायचं नाही. आणि हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलेलं व्रत म्हणजे जाहिरात."

खाटेवरून नवरा दोघांकडे बघत होता. त्याला काय कळत होतं, देव जाणे. हे मी म्हणतो. तिने त्या दिवसापासून एवढंही मनात म्हणायचं सोडलं.

जन्माची सवय सोडणं म्हणजे काय असतं, ते विडी सोडणाऱ्याला विचारावं. पहिल्या दिवशी तिने जीभ दातांत धरून काम केलं. पहिलीच चादर तिरकी गेली. दुसरी गेली. धाकटी खिडकीतून वळून बघू लागली. "वहिनी, घसा बसलाय का गं?"

"हो."

"मग मानेने तरी खुणव."

मानेने खुणवायचं तर धाकटीने तिच्याकडे बघायला हवं, आणि तिच्याकडे बघायचं तर रोलरकडे कोण बघणार? धाकटीने आकडे मोजून पाहिले, एक, दोन, सोड. जमेना. दोघींच्या मधे चादरीएवढं अंतर होतं, ते एकाएकी वाढल्यासारखं झालं. नकला बंद पडल्या. छपराखाली वाफेचा आवाज पूर्वीही होता, पण आता तो ऐकू येऊ लागला. शेजारच्या टेबलावर घड्या घालणारी म्हातारी एकदा म्हणाली, "काय गं बायांनो, आज कोण गेलं?" कुणी हसलं नाही.

चौथ्या दिवशी धाकटीच्या दोन बोटांची पेरं भाजली. "काही नाही," म्हणून तिने नळाखाली धरली. आठव्या दिवशी तिच्या बाहीचं टोक रोलरला लागून पिवळं पडलं. देवाबाईच्या मनात पाल चुकचुकली. घरी जाऊन ती भाऊजींना म्हणाली, "माझं गप्प राहणं कामावर बाधतंय हो."

"बाधणारच," भाऊजी म्हणाले. "सोपं असतं तर त्याला व्रत कोण म्हणालं असतं?" आणि त्यांनी भावाच्या मेलेल्या हाताकडे नुसतं पाहिलं. त्या बघण्यापुढे तिचं काही चाललं नाही.

मधल्या सुट्टीत धाकटीने तिला कोपऱ्यात गाठलं. "माझं काही चुकलंय का? दादाच्या आजारपणात मी पुरेशी येत नाही म्हणून रागावलीस? बोल ना. शिव्या दे, पण बोल."

"तसं काही नाही गं."

"मग ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?"

सांगावं की नाही, क्षणभर शब्द तिच्या ओठांवर आले. पण सांगितलं तर व्रत मोडणार, आणि व्रत मोडलं तर तो तसाच पडून राहणार. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, गाडी आली चादरींची." इथे मला तिचा राग येतो. आणि तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं, म्हणून तो राग फार टिकत नाही.

एकोणिसाव्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या हिरव्या चादरी आल्या. त्यांच्या कडेला लांब नाड्या असतात. त्या आधी बांधून घ्यायच्या, नाहीतर कुठेही अडकतात. एक नाडी सुटी राहिली होती. दोघींनी चादर उचलली, कड तोंडाशी नेली, आणि देवाबाईला दिसलं की ती नाडी धाकटीच्या मनगटाला वेढा घालून बसली आहे. धाकटी मानेची खूण बघायला तिच्याकडेच बघत होती. स्वतःच्या हाताकडे बघत नव्हती.

देवाबाईचं तोंड उघडलं. "दे" एवढा आवाज घशापर्यंत आला, आणि तिने तो गिळला.

सगळी गोष्ट एवढीच आहे. तिची जीभ आणि तिचा हात अकरा वर्षं एका दोरीला बांधलेले होते. एक ओढलं की दुसरं हलायचं. तिने जीभ आवरली आणि लाल दांड्याकडे निघालेला हातही हवेतच थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग तिने दांडा ओढला. यंत्र थांबलं. पण तोवर रोलरने नाडी ओढली होती, आणि नाडीमागून मनगटापर्यंत हात.

धाकटी ओरडली तेव्हा छपराखालच्या एकूण एक बाईच्या तोंडून देवाचं नाव निघालं. एकटी देवाबाई दांडा धरून मुकी उभी होती.

उजवा पंजा काढावा लागला. दवाखाना लागूनच होता, एवढंच काय ते नशीब. चौकशी झाली. पट्टी का बांधली, कुणी बांधली, कुणालाच माहीत नव्हतं. मुकादमांनी ती चिंधी कापून टाकली आणि भिंतीवर सूचना लावली.

तिसऱ्या दिवशी धाकटी नीट बोलू लागली. देवाबाई खाटेशी बसली होती. पांढऱ्या पट्ट्यांच्या गाठोड्याकडे न बघायचा प्रयत्न करत होती.

"तुला दिसलं होतं ना?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

आता लपवण्यासारखं उरलं काय होतं? तिने सगळं सांगितलं. साबणाची वाटी, भाऊजींचं बोलणं, व्रत. धाकटी छताकडे बघत ऐकत होती. भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं.

"म्हणजे दादासाठी," ती अखेर म्हणाली.

"त्याच्यासाठी."

"मग त्याला बरं व्हायलाच पाहिजे, वहिनी." तिचा आवाज अगदी शांत होता. "त्याचा हात हलला पाहिजे. नाहीतर माझा कशाला गेला, ते मला कुणी सांगायचं?"

ती घरी आली तेव्हा भाऊजी दारातच उभे होते. त्यांचे डोळे भरलेले. "वहिनी, बोटं हलली! दुपारी. मी स्वतः पाहिली. फळ मिळालं तुम्हाला." मग बहिणीची आठवण येऊन त्यांचा आवाज खाली गेला. "त्याचे हिशेब आपल्याला कळत नाहीत. पण आता जीभ सैल सोडू नका. आत्ता तर मुळीच नको."

ते गेल्यावर तिने दार लावलं. खाटेवर नवरा जागा होता. तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. खरंच, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तिच्या तळव्यावर जरासं दाबलं गेलं. पुन्हा दाबलं गेलं. आनंदाने तिचा ऊर भरून यायला हवा होता. त्याऐवजी तिला घाम फुटला.

तिला ठाऊक करून घ्यायचंच होतं. दातखीळ बसावी तशी भीती वाटत होती. तो हात पुन्हा मेला तर ती स्वतःला कधीच क्षमा करणार नव्हती. तरी तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि भरल्या आवाजात, उगाच, काही कारण नसताना, म्हणाली, "अरे देवा. देवा रे. देवा, देवा, देवा."

बोटं हलली. आधी हलली होती तशीच. ती बोलत राहिली, बडबडत राहिली, तीन आठवड्यांचं सगळं तुंबलेलं बाहेर आलं, आणि बोटं आपली हलतच राहिली, थोडी थोडी, त्यांच्या वेळेने. तिच्या बोलण्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. गप्प बसण्याशीही नव्हतं. तिने त्याच्या हातावर डोकं टेकलं आणि अशी रडली की शेजारीण भिंतीवर थाप मारून विचारू लागली, काय झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. धाकटी उशीला टेकून बसली होती, डाव्या हाताने चमचा धरायला शिकत होती. तिने चमचा खाली ठेवला.

"हलला?"

"हलला," देवाबाई म्हणाली. "दोन बोटं."

"तू बोलली नव्हतीस ना?"

देवाबाईने तिच्याकडे बघितलं. कोपरापर्यंत गुंडाळलेल्या त्या हाताकडेही बघितलं.

"नाही. एकदाही नाही."

धाकटीने डोळे मिटले. चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "मग आता कधीच बोलू नकोस हं," ती म्हणाली. "शपथ घे."

देवाबाईने शपथ घेतली, आणि चमचा उचलून तिला भरवू लागली.