सत्काराचा नारळ

ईशा, निनाद, काल इथल्या शाळेत एक अंतराळवीर बाई आल्या होत्या. अवकाशात जाऊन आलेल्या मोजक्या बायकांपैकी त्या एक. आता शाळाशाळांतून विज्ञान शिकवत फिरतात. सत्कारात शाल-श्रीफळ मिळालं, तसा त्यांनी नारळ हातात धरून विचारलं, “हा वर यानात सोडला, तर कुठं जाईल?”

उत्तर मला येत होतं. पण सवयीनं मी आधी शेजारी बसलेल्या तुमच्या आजोबांकडे पाहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली दोन वेण्यांची मुलगी उठून ओरडली, “बाई, तिथंच तरंगेल!” त्यांनी हसून नारळ तिलाच देऊन टाकला.

शाळेत विज्ञानात माझा पहिला नंबर असे. प्रयोगशाळेतून यायला मुलींना उशीर होतो, म्हणून वडिलांनी कॉलेजात विज्ञानाऐवजी इंग्रजी घ्यायला सांगितलं. मी मान डोलावली.

बाईंचा हेवा वाटणार, हे मी धरूनच गेले होते. वाटला तो त्या मुलीचा. तिनं बोलण्याआधी कुणाकडेच पाहिलं नव्हतं.

परतताना आजोबा म्हणाले, “एवढी गप्प का? नारळ हवा होता? चल, घेऊन देतो.”

“विकतचा नकोय,” मी म्हणाले.